बी कशाचं धरावं आणि कशाचं नाही

मी भायखळ्याला बी-बियाण्याच्या दुकानात काउंटरवर बसतो. दुकान शेठचं, नोकरी माझी. पण इतकी वर्षं झाली की निम्मी गिऱ्हाइकं मलाच शेठ समजतात. पावसाच्या तोंडावर दिवसभर एकच प्रश्न कानावर पडतो, "गावठी आहे का?" पार्ल्याच्या काकूंना गच्चीसाठी गावठी टोमॅटो हवा असतो, मुलुंडच्या बाईंना गावठी मिरची. त्यांच्या मागे वसईचा वाडीवाला उभा असतो, त्याला काकडीचं हायब्रीड पाकीट घेऊन दादर गाठायचं आणि तिथून विरार गाडी पकडायची असते. तो माझ्याकडे बघून भुवया उडवतो. काकू त्याच्या हातातल्या पाकिटाकडे बघून म्हणतात, "हेच विष आम्हाला खायला घालता ना?" तो शांतपणे म्हणतो, "मावशी, गावठी काकडी बाजारात नेली तर तुम्हीच वाकडी म्हणून बाजूला टाकता."

दोघंही खरं बोलतात. माझी पंचाईत एवढीच, की दोघांनाही दोन मिनिटांत उत्तर द्यायचं असतं आणि विषय दोन मिनिटांचा नाही. म्हणून इथे लिहितोय.

आधी सगळ्यात मोठा गैरसमज. "हायब्रीडचं बी उगवतच नाही, कंपन्यांनी तशी सोयच करून ठेवलीय." असं काही नाही. हायब्रीड टोमॅटो चिरा, बिया काढा, पेरा, छान उगवतील. ज्याला ‘टर्मिनेटर’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्या पिढीचं बी वांझ करणारं तंत्र, त्याचं अमेरिकेत १९९८ साली पेटंट झालं, जगभर आरडाओरडा झाला आणि ते बाजारात कधी आलंच नाही. आपल्याकडे तर २००१ च्या कायद्यात असलं तंत्र घातलेल्या वाणाची नोंदणीच करायची नाही असं लिहून ठेवलंय. तेव्हा ती भीती सोडा.

खरी गोष्ट साधी आहे आणि तिला कंपनीची गरज नाही. हायब्रीड म्हणजे दोन शुद्ध वाणांचं लग्न. आई-बाप दोघंही पिढ्यान्‌पिढ्या स्वतःशीच फळवून एकजिनसी केलेले. त्यांची पहिली पिढी, म्हणजे पाकिटावर लिहितात ती एफ-१, सगळी एका साच्यातली आणि आई-बापांपेक्षा जोमदार. पण हीच झाडं आपापसात फळली की पुढच्या पिढीत सगळे गुण सुटे होतात. कुणी आजीवर जातं, कुणी आजोबावर, कुणी दोघांचे अवगुण घेऊन येतं. मेंडेल नावाच्या पाद्रीबाबाने वाटाण्यावर हे मोजून १८६६ मध्ये छापलं होतं.

आमच्या एक नेहमीच्या बाई आहेत, शाळेत शिकवतात. त्यांनी चेरी टोमॅटोच्या हायब्रीड झाडाची बी धरली. पुढच्या वर्षी चार कुंड्यांत चार तऱ्हा. एकाला बोराएवढी आंबट फळं, एकाला लांबट, एक नुसतंच वाढलं, आणि एक मात्र फार सुरेख. त्या तणतणत दुकानात आल्या की गेल्या वर्षीचं पाकीट भेसळीचं होतं. म्हटलं, बाई, पाकीट चोख होतं म्हणूनच असं झालं. आणि ते चौथं झाड सुरेख आहे ना, त्याचीच बी धरा, त्यातून पुन्हा सगळ्यात चांगल्याची धरा, सहा-सात वर्षं असंच करत राहिलात तर तुमच्या नावाचा टोमॅटो होईल. त्या म्हणाल्या, "तोवर मी रिटायर होईन." झाल्या की वेळच वेळ, मी म्हटलं.

इथे दुसरा घोळ सुरू होतो. गिऱ्हाइकाच्या डोक्यात दोनच खाने असतात, गावठी आणि हायब्रीड. दुकानात मात्र तीन असतात. मधला खाना सुधारित वाणांचा, ज्याला आम्ही ‘सरळ वाण’ म्हणतो. तो विद्यापीठात किंवा संशोधन केंद्रात घडवलेला असतो, बऱ्याचदा संकर करूनच, पण नंतर पिढ्या चालवून स्थिर केलेला. त्याची बी धरली की पुढच्या वर्षी तेच झाड येतं. भेंडीत परभणी क्रांती, टोमॅटोत पुसा रुबी, मिरचीत पुसा ज्वाला, वांग्यात मांजरी गोटा हे सगळे सरळ वाण. स्वस्त असतात, पाकीट साधं असतं, त्यावर चकचकीत फोटो नसतो, म्हणून कुणी हात लावत नाही. "गावठी द्या" म्हणणाऱ्याला मी गुपचूप हेच काढून देतो, आणि काय दिलं तेही सांगतो. गावठी म्हणजे एका गावात, एका घरात पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं. ते भायखळ्याच्या दुकानात कुठून येणार?

आता हायब्रीड महाग का, ते सांगतो. दहा ग्रॅमच्या टोमॅटोच्या पाकिटाला पाचशेच्या पुढे मोजावे लागतात तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे दरोडेखोरासारखं बघतं. मी पण आधी तसंच बघायचो. मग कंपनीच्या माणसाबरोबर बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाला जाणं झालं. त्या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं तयार करण्याचा मोठा व्यवहार चालतो. पलीकडे जालना, बियाण्याच्या कंपन्यांचं गावच. तिथे बद्रीनारायण बारवाल्यांनी पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये महिको कंपनी काढली, पुढे १९९८ चं वर्ल्ड फूड प्राइझही त्यांना मिळालं.

शेडनेटमध्ये शिरलो तर आत बायका. हिरवट उजेड, अंगाला चिकटणारा उकाडा, आणि प्रत्येकीच्या हातात बारीक चिमटा. दुपारच्या वेळी त्या मादी वाणाच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी हेरतात. हेरायची कशी, तर पाकळी नुसती फिकट पिवळी पडायला लागलेली हवी. हिरवी असेल तर कोवळी आहे, गडद पिवळी झाली असेल तर आतल्या आत फळून गेलेली असू शकते. चिमट्याने पाकळ्या आणि त्यांच्या आतली परागकोशांची पिवळी टोपी अलगद उपसून काढायची. मधला स्त्रीकेसर सुईएवढा, त्याला धक्का लागला की कळी गेली. टोपीचा एखादा तुकडा आत राहिला तर झाड स्वतःशीच फळणार आणि त्या फळातलं बी भेसळ धरलं जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे वाळवलेले पराग बोटातल्या अंगठीसारख्या छोट्या वाटीत घ्यायचे आणि त्या नागड्या केसराचं टोक त्यात बुडवायचं. मग फुलाच्या बुडाशी जी हिरवी दलं असतात त्यातली दोन कातरायची. ती खूण. फळ पिकल्यावर दलं कातरलेलं असेल तेच तोडायचं, बाकीचं बाद.

एक फुल, एक फळ. एका फळात शंभरभर बिया. एका ग्रॅमला अंदाजे तीनशे बिया धरा, म्हणजे दहा ग्रॅमच्या पाकिटात अशी तीसेक फळं, तेवढ्या कळ्या, आणि वाया गेलेल्या वेगळ्या. एका बाईला विचारलं, डोळे दुखत नाहीत का? ती म्हणाली, "दादा, रात्री डोळे मिटले तरी कळ्याच दिसतात." तिला रोज किती सुटतो ते मी विचारलं नाही, कंपनीचा माणूस शेजारीच उभा होता. पण त्या पाचशेतला मोठा वाटा तिच्या हातात पडत असेल असं मला तरी वाटत नाही. हायब्रीडवर माझा राग असेल तर तो इथे आहे. बियाण्यावर नाही.

आणि यातूनच कोणत्या पिकात हायब्रीड येतं आणि कोणत्यात येत नाही हेही कळतं. टोमॅटोचं एक फूल हाताने फळवलं तर शंभर बिया मिळतात आणि पेरायला लागतं चिमूटभर. भुईमुगाचं एक फूल फळवलं तर एक शेंग, त्यात दोन दाणे. आणि हेक्टरी बियाणं लागतं शंभर किलोच्या घरात. कोण चिमटा घेऊन बसेल? म्हणून बाजारात भुईमुगाचं हायब्रीड नाही, हरभऱ्याचं नाही, सोयाबीनचं नाही. ही सगळी पिकं स्वतःशीच फळतात, वाण शुद्ध राहतो, शेतकरी घरचंच पेरतो. साहजिकच मोठ्या कंपन्यांना त्यात गोडी कमी. ते काम सरकारी केंद्रांवर पडलं.

त्यातलं एक केंद्र आपल्या मुंबईत आहे, हे सांगितलं की लोक हसतात. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र! तिथे अणुभट्ट्यांबरोबर भुईमूगही आहे. बियांवर किरणांचा मारा करायचा, त्यातून वेगळं निघालेलं झाड निवडायचं, त्याचा पुन्हा चांगल्या वाणाशी संकर करायचा आणि स्थिर करायचं. १९७३ मध्ये टीजी-१ हा टपोऱ्या दाण्याचा भुईमूग आला, त्याचं नाव विक्रम. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर टीएजी-२४ आला, आणि उडदात टीएयू-१. यातला ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे, ‘ए’ म्हणजे अकोला. एके काळी महाराष्ट्रातल्या उडदाच्या रानात टीएयू-१ चाच बोलबाला होता. म्हणजे आपण वडापाव खात चेंबूरहून जातो त्या भागात घडलेलं बियाणं विदर्भातला शेतकरी कुणालाही न विचारता वर्षानुवर्षं घरचं पेरत आला. आधुनिक विज्ञान म्हटलं की दरवर्षी पाकीट आलंच, असं समजणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो. अणूच्या किरणांतून निघालेलं बियाणं गाडग्यात राखता येतं.

याची उलट बाजू कापसाची. माझे वडील गिरणीत होते, आम्ही काळाचौकीचे, कॉटन ग्रीन स्टेशन आमचं. तिथे गाठी उतरायच्या. माटुंग्याला कापसाच्या धाग्याची लांबी-ताकद मोजणारी प्रयोगशाळा १९२४ पासून आहे. पण कापसात खरा उलटफेर १९७० मध्ये सुरतला झाला. डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ काढलं, जगातलं पहिलं व्यापारी कापूस हायब्रीड. कापसाचं फूलसुद्धा हातानेच सोलायचं, अंगठ्याच्या नखाने. इतर बहुतेक कापूस पिकवणारे देश सरळ वाणच लावतात. हाताने एकेक फूल सोलण्याची मजुरी त्यांना परवडण्यासारखी नाही. आपल्याकडे मजुरी स्वस्त म्हणून कापसात हायब्रीड रुजलं. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली तेव्हा ते जनुक आलं ते हायब्रीडमध्येच. म्हणजे कापूसवाल्याला दरवर्षी पाकीट घ्यायला लावलं ते बीटीने नव्हे, त्याच्या आधी तीस वर्षं हायब्रीडने. टीव्हीवरच्या भांडणात ही दोन्ही बोचकी एकत्र बांधतात आणि मग कुणालाच काही सापडत नाही.

ज्वारीचं हायब्रीड सीएसएच-१ त्याही आधी, १९६४ चं. आमच्या घरात त्याबद्दल दोन पक्ष होते. आईच्या मते हायब्रीड ज्वारीची भाकरी म्हणजे तोंडाला चव नाही, आणि पावसात सापडलेला दाणा काळा पडलेला. वडील म्हणायचे, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली होती ती विसरलीस का? आई म्हणायची, विसरले नाही म्हणूनच भाकरीची चव कळते. मी वडिलांच्या बाजूचा. गुरांना कडबा कमी मिळाला, चव गेली, हे सगळं खरं. पण पोट भरायची वेळ होती तेव्हा भरलं.

तरीही बी धरायचीच असेल, आणि मला विचाराल तर जरूर धरा, तर ती कशाची धरावी? इथे माझं शहाणपण संपतं आणि माझ्या चुलतीचं सुरू होतं. ती माणगाव तालुक्यात, आमच्या गावी. भात कापून झालं की त्याच ओलीवर ती कडवे वाल टाकते. माघात शेंगा भरतात, पोरं पोपटी लावतात, म्हणजे मडक्यात शेंगा भाजतात, मुंबईहून गेलेली आम्ही माणसं तेवढ्यासाठी जातो. चुलती मात्र शेताच्या मधल्या भागातल्या काही वेलांना कुणाला हात लावू देत नाही. बांधाकडेचे नाहीत, मधले. मी विचारलं, मधलेच का? म्हणाली, "कडेच्याला ऊन, माती सगळंच जास्त मिळतं. तो कुणाच्याही घरी तसाच दिसला असता. मधला दाटीत वाढून भरला, तो खरा."

हे वाक्य मी कंपनीच्या माणसाला ऐकवलं तर तो गप्पच झाला. शेवटी म्हणाला, "आम्हाला कॉलेजात हेच शिकवतात. कडेच्या ओळी मोजायच्या नाहीत."

शेंगा वेलावरच वाळवायच्या, सोलून दाणे उन्हात द्यायचे, दाताखाली धरला की कट्‌कन फुटला पाहिजे, चेपला जायला नको. मग चुलीतली चाळलेली राख मिसळून मडक्यात, वर कडुनिंबाचा पाला, आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकायचं. मडकं ठेवायचं ते चुलीच्या वरच्या फळीवर, धुरात. राख दाण्यांमधली पोकळी भरते, त्यामुळे भुंग्याला हलायला जागा राहत नाही, ओलही ती शोषते. धुराने कीड लांब राहते. यातलं एकही काम पुरुष करताना मी गावात पाहिलेलं नाही. आणि आमच्या वाडीत जी जुनी बियाणी गेली, पटणी भात असो की चवळीचा एखादा प्रकार, ती कुणी चोरून नेली नाहीत. मडकं लिंपणाऱ्या बायका नवऱ्यामागे मुंबईला आल्या आणि दहा बाय दहाच्या खोलीत चूल नव्हती, स्टोव्ह होता. माझी आईही त्यातलीच. कंपन्यांना दोष द्यायला सोपं असतं, पण आमच्या घरचं बियाणं आमच्याच घरातून गेलं.

राखणं म्हणजे निवडणं, हे ज्याला कळलं त्याने काय केलं बघा. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे. शिक्षण फारसं नाही, जमीन थोडी. आपल्या भातात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, बारीक दाण्याच्या. त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्षं तेच. भात असा बारीक आणि चवीचा निघाला की आसपासच्या गावांत पसरला. नाव काय ठेवायचं, तर त्या काळी एचएमटीच्या घड्याळांचा जमाना, म्हणून एचएमटी. तुम्ही दादरला दुकानात जो एचएमटी तांदूळ मागता, त्याच्यामागे हा माणूस आहे. २०१८ मध्ये ते गेले, आणि पैशाने गरीबच गेले. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे फोटो गिऱ्हाइकं मला मोबाइलवर दाखवतात. फोटो दाखवणाऱ्यांतले किती जण घरी बी धरतात ते विचारायला मी जात नाही, धंदा आहे.

कायद्याचं एका दमात सांगून टाकतो, कारण त्यावरही अफवा फार. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नोंदणी झालेल्या वाणाचंसुद्धा बियाणं राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. आम्हा दुकानदारांचं वेगळं, आम्हाला परवाना लागतो, तो भिंतीवर लावावा लागतो. तेव्हा कुणी काकू घरचे वाल पिशवीत भरून आणतात आणि "तुमच्या दुकानात ठेवा ना" म्हणतात तेव्हा मला नाही म्हणावं लागतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटा, सोसायटीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून द्या, कोण अडवतंय?

आता मुंबईतल्या माणसासाठी, विशेषतः गच्ची-गॅलरीवाल्यांसाठी. वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो यांची बी धरा. ही पिकं बहुतांशी स्वतःशीच फळतात, शेजारच्या कुंडीची भीती कमी. टोमॅटोचा गर बियांसकट पेल्यात पाणी घालून ठेवायचा, मुंबईच्या उकाड्यात दोन दिवसांत वर साय धरते आणि वास मारायला लागतो. तो वास आला की काम झालं. बियांवरचं बुळबुळीत वेष्टण सुटतं, चोळून धुवा, तळाला बसलेलं बी घ्या, वर तरंगणारं फेकून द्या. बशीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं.

मिरचीवर माश्या येतात, शेजारी ढोबळी लावली असेल तर पुढच्या वर्षी गंमत होऊ शकते. लावायची एकच जात लावा. लाल माठ सोपा. रुळांच्या कडेला रेल्वेच्या जागेत जे भाजी पिकवतात, त्यांच्यातले काही जण आमच्याकडून पालक-मेथी नेतात, पण माठाचं बी क्वचितच. एका कोपऱ्यात चार रोपं तुऱ्यावर सोडली की पुढच्या वर्षाची सोय होते. बारीक, काळं, चमकणारं बी, वाऱ्यावर उडतं म्हणून फुंकर जपून मारायची. पालकाला मात्र तुरा यायला थंडी लागते, ती मुंबईत कुठे? कोबीचं तर नावच नको. त्याच्या बियाण्याला कुलूसारख्या डोंगराळ भागातली थंडी हवी. गावठी कोबीचं बी मागणाऱ्या मंडळींना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

दुधी, शिराळं, काकडी यांच्या वाटेला गॅलरीवाल्यांनी जाऊ नये. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मधमाशी कुठून काय घेऊन येईल सांगता येत नाही. वसईची एक मावशी आहे, ती बाजारासाठी हायब्रीड काकडी लावते आणि घरच्यासाठी सासूकडून आलेलं शिराळं. शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून ती दुपारीच मादी कळीला दोरा बांधून ठेवते, संध्याकाळी स्वतः नर फूल तोडून घासते आणि पुन्हा बांधते. एवढं करायची तयारी असेल तरच. दुधीच्या बाबतीत तर धोका आहे. कडू जातीशी संकर झाला तर दिसायला दुधीच, पण आत कडूजहर, आणि तो कडवटपणा विषारी असतो. तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर भाजी नाही, रस तर मुळीच नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

मुंबईत बी मरते ती कंपनीमुळे नाही, हवेमुळे. जुलैची दमट हवा म्हणजे बियाण्याला विषच. बियाण्यातली ओल एक टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा एक ठोकताळा आहे. इथे तर उघड्या डब्यात ओल वाढतच जाते. आमच्याकडे चूल नाही, राख नाही. मी घरी असं करतो, मूठभर तांदूळ तव्यावर चांगला खरपूस भाजायचा, झाकून गार करायचा, फडक्यात पुरचुंडी बांधून काचेच्या बरणीच्या तळाशी ठेवायची, वर कागदी पाकिटात बी. झाकण घट्ट, बरणी फ्रिजमध्ये, दारात नको. बाहेर काढली की बरणी खोलीच्या हवेला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आत पाणी धरतं. पाकिटावर नाव आणि साल पेन्सिलीने लिहा, शाई पसरते.

पेरण्याआधी उगवण तपासा. गावाकडे सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि किती उगवले ते मोजतात. सत्तर आले तर बिनधास्त पेरायचे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर बोंब झाली होती, त्यानंतर तर ही सवय फार लोकांना लागली. बिरड्याला मोड काढणाऱ्या घरात ही चाचणी रोजचीच आहे. भिजवलेल्यात गणंग किती राहिले आणि मोड किती आले ते मोजलं की झालं.

आणि विकतचं घेत असाल तर पाकीट उलटं करा. मागे लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि किमान उगवण लिहिलेली असते. भेंडीला ६५ टक्के, टोमॅटोला ७०, मिरचीला ६०, धण्याला ६५. मिरची साठ टक्केच उगवली म्हणून माझ्याशी भांडायला येऊ नका, नियमात तेवढंच आहे. बी गुलाबी, निळं दिसलं तर ते औषध चोळलेलं आहे, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. हल्ली इंटरनेटवर ‘देशी’, ‘प्राचीन’ असं छापून ज्यूटच्या पिशवीत दहा बिया शंभर रुपयांना मिळतात. त्यांतल्या बऱ्याचशांवर ना तारीख, ना लॉट. गिऱ्हाइकं ती माझ्याकडे दाखवायला आणतात आणि विचारतात चांगलं आहे का? मला काय माहीत! मी वास घेऊ शकतो, उगवण नाही सांगू शकत.

कोथिंबिरीचं बी घ्यायला मात्र एवढ्या लांब येऊ नका. वाण्याकडचे धणे घ्या, लाटणं फिरवून दोन डाळिंब्या करा आणि पेरा. शेठने हे वाचू नये.

बाकी काही विचारायचं असेल तर या, पण जूनचा पहिला पंधरवडा सोडून. तेव्हा मला मान वर करायला सवड नसते, आणि तेव्हा मी जे सांगतो ते मी स्वतःही नीट ऐकत नाही. हिवाळ्यात राणीच्या बागेत फुलाफळांचं प्रदर्शन भरतं, ते बघून दुपारी इकडे वळा. त्या वेळी दुकानात गर्दी कमी असते, आणि चुलतीकडचे वाल आलेले असले तर ते पिशवीत माझ्या स्टुलाखाली असतात. ते विकायचे नाहीत, मागितले तर मूठभर देतो.